बॉनेटवरचं नाव : हॅरी फर्ग्युसन

समितीनं स्मरणिकेसाठी लेख मागितला तेव्हा मी आधी नाहीच म्हणालो. सोसायटीची सुरुवात, बोअरवेलचं पाणी, टँकरची वाट पाहणं, पहिला गणपती, यावर लिहिणारी मंडळी आपल्यात माझ्यापेक्षा चांगली आहेत. मग लक्षात आलं, पहिल्या पावसाळ्यातली एक गोष्ट अशी आहे की तिच्यातल्या एका माणसाबद्दल कुणीच लिहिणार नाही. तो माणूस जांब्याला कधी आला नाही. आपली पहिली वीट बसली तेव्हा त्याला जाऊन जवळजवळ चाळीस वर्षं झाली होती. पण त्या रात्री त्याचं नाव आपल्या फाटकासमोर उभं होतं, लाल बॉनेटवर.

जुन्या सभासदांना आठवत असेल. तेव्हा आपल्याकडे येणाऱ्या रस्त्याचा शेवटचा तुकडा कच्चा होता. एका बाजूला भातखाचरं, दुसऱ्या बाजूला बांधकामाचा राडारोडा. जुलैतली रात्र, अकराचा सुमार. शेजारच्या आजींच्या छातीत दुखायला लागलं. मुलगा रात्रपाळीला गेलेला. मी गाडी काढली, आजींना मागच्या सीटवर आडवं केलं, त्यांच्या सूनबाई जवळ बसल्या, आणि फाटकापासून पन्नास पावलांवर गाडी रुतली.

अ‍ॅक्सिलरेटर दाबला की पुढचं डावं चाक गरागरा फिरायचं आणि चिखल उडवायचं. पुढचं उजवं चाक चांगल्या मुरमावर होतं, पण ते हलायला तयार नाही. मागची दोन्ही चाकं टणक जमिनीवर, पण गाडी पुढच्या चाकांवर चालणारी, त्यामुळे मागच्यांना इंजिनाचा पत्ताच नाही. इंजिन उत्तम, चाकं चार, आणि कामाचं एकही नाही. मागे आजी कण्हत होत्या.

कुणीतरी गावात धावत गेलं. तात्या ट्रॅक्टर घेऊन आले. मी घाईनं म्हणालो की साखळी कुठंही अडकवा, पण लवकर ओढा. तात्यांनी ऐकलं नाही. खाली वाकून, चिखलात गुडघा टेकून, त्यांनी साखळी ट्रॅक्टरच्या अगदी खालच्या हुकालाच लावली. मगच क्लच सोडला. दोन मिनिटांत गाडी बाहेर. डांबरी सडक लागेपर्यंत त्यांनी आम्हाला ओढत नेलं. आजी वेळेत दवाखान्यात पोचल्या. पुढे अकरा वर्षं त्या आपल्यात होत्या, आणि दर संक्रांतीला तात्यांच्या घरी तिळगुळाचा डबा जात होता.

मला मात्र त्या रात्री लाज वाटली. मी नोकरी करत होतो ती गाड्यांच्या क्लच आणि गिअरबॉक्सच्या कामात. आणि माझीच गाडी एका चाकापायी अडली होती. ट्रॅक्टरच्या बॉनेटवर मॅसी फर्ग्युसन लिहिलं होतं. ते नाव आपण सगळ्यांनीच शेतात, बाजारात, उसाच्या ट्रॉलीपुढे हजार वेळा वाचलंय. फर्ग्युसन म्हटलं की पुण्यात आपल्याला कॉलेज आठवतं. ते फर्ग्युसन वेगळे, मुंबई इलाख्याचे गव्हर्नर. हा फर्ग्युसन शेतकऱ्याचा मुलगा. मी त्याच्याबद्दल वाचायला लागलो आणि कळलं, की त्या रात्रीचे दोन्ही प्रश्न, साखळी खालीच का बांधायची आणि चारही चाकांनी का ओढलं नाही, या एकाच माणसाच्या आयुष्यातले आहेत.

शेत सोडलेला मुलगा

हॅरी फर्ग्युसनचा जन्म ४ नोव्हेंबर १८८४ रोजी आयर्लंडच्या उत्तर भागात, डाऊन परगण्यातल्या ड्रोमोर गावाजवळ, ग्रोवेल इथं झाला. अकरा भावंडांतला हा चौथा. वडील जेम्स फर्ग्युसन शेतकरी आणि धर्माच्या बाबतीत फार कडक. हॅरीचं बापाशीही जमेना आणि शेतीशीही. घोड्यामागे नांगर धरून दिवसभर चालणं त्याला नको वाटायचं. अंगानं बारीक, किरकोळ, पण डोकं मात्र यंत्रात. १९०२ साली तो बेलफास्टला थोरल्या भावाच्या सायकल आणि मोटार दुरुस्तीच्या दुकानात लागला. तिथं हात बसला. इंजिन ट्यून करण्यात त्याचं नाव झालं. दुकानाची जाहिरात व्हावी म्हणून तो मोटरसायकलच्या शर्यतीही धावायला लागला.

तेवढ्यात राइट बंधूंच्या विमानाची हवा झाली. हॅरीनं ठरवलं, आपणही उडायचं. विमान स्वतः आखलं, स्वतः बांधलं. ३१ डिसेंबर १९०९ रोजी, बोचऱ्या वाऱ्यात, हिल्सबरोच्या मैदानावर ते जमिनीवरून उचललं गेलं आणि सुमारे १३० यार्ड, म्हणजे १२० मीटरच्या आत-बाहेर, उडालं. आपल्या सोसायटीच्या एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंतचं अंतर म्हणा. पण आयर्लंडमध्ये इंजिनाच्या बळावर माणूस उडाल्याची ती पहिली वेळ होती. त्याचं वय पंचवीस.

विमानाचा नाद पुढे सुटला. १९११ मध्ये त्यानं बेलफास्टला स्वतःचं मोटारींचं दुकान काढलं. १९१३ मध्ये मॉरीन वॉटसनशी लग्न झालं. दुकानात विली सँड्स नावाचा एक कारागीर होता. फर्ग्युसनच्या डोक्यातली कल्पना लोखंडात उतरवण्याचं काम पुढे कित्येक वर्षं त्यानं केलं. आपल्याकडे अशा माणसांची नावं राहत नाहीत, म्हणून इथं मुद्दाम लिहितो.

पहिला प्रश्न : पलटी

पहिलं महायुद्ध लागलं. इंग्लंडला धान्य कमी पडायला लागलं, घोडे आणि माणसं आघाडीवर गेलेली. सरकारनं १९१७ मध्ये फर्ग्युसनला आयर्लंडमधल्या ट्रॅक्टरांचं काम सुधारायला सांगितलं. तो गावोगाव फिरला आणि त्यानं एक गोष्ट पाहिली. त्या काळचा ट्रॅक्टर म्हणजे इंजिन लावलेला घोडाच. मागे साखळीनं किंवा दांड्यानं नांगर अडकवायचा आणि ओढायचं. नांगराचा फाळ जमिनीतल्या दगडात किंवा मुळात अडकला, की नांगर थांबायचा, मागची चाकं चिखलात घट्ट बसायची, पण इंजिन तर जोर लावतच राहायचं. तो जोर जाणार कुठं? चाक फिरत नाही म्हटल्यावर ट्रॅक्टरच मागच्या आसाभोवती फिरायचा. पुढची चाकं उचलली जायची, आणि क्षणात ट्रॅक्टर उलटून चालकाच्या अंगावर. कित्येक शेतकरी असे गेले.

तात्यांनी साखळी खालीच का लावली, हे इथं समजतं. ओढ जितकी वरून, तितकी पुढची बाजू उचलायला सोपी. आसाच्या वर साखळी बांधली आणि मागचं ओझं अडलं, तर ट्रॅक्टर उलटा व्हायला फार वेळ लागत नाही. तात्यांनी हे कुठल्या पुस्तकात वाचलं नव्हतं.

फर्ग्युसननं नांगर ओढायचाच नाही, तो ट्रॅक्टरचाच अवयव करायचा, असं ठरवलं. खाली दोन दांडे, वर मध्यभागी एक दांडा, असा त्रिकोण. नांगर या तीन ठिकाणी जोडायचा आणि तेलाच्या दाबानं उचलायचा किंवा सोडायचा. फाळ अडकला की नांगर पुढच्या बाजूला कलंडायला बघतो, वरचा दांडा ट्रॅक्टरला पुढे रेटतो, आणि पुढची चाकं जमिनीवर दाबली जातात. म्हणजे ज्या जोरानं आधी ट्रॅक्टर उलटायचा, तोच जोर आता त्याला खाली धरून ठेवतो. शिवाय नांगराचं वजन आणि जमिनीची खालची ओढ मागच्या चाकांवर येते, त्यामुळे हलका ट्रॅक्टरही जमीन घट्ट धरतो. १९२० च्या दशकात त्यानं याची पेटंटं घेतली. आज आपल्याकडचा कुठल्याही कंपनीचा ट्रॅक्टर बघा, निळा, लाल, हिरवा, मागे तेच तीन दांडे दिसतील. आपल्याकडे भाताच्या खाचरात चिखलणी करताना रोटाव्हेटर उचलतात आणि सोडतात, तोही याच दांड्यांवर.

हस्तांदोलन आणि कोर्ट

फर्ग्युसननं १९३६ मध्ये डेव्हिड ब्राऊनच्या कारखान्यातून पहिले ट्रॅक्टर बाजारात आणले, पण धंदा बेताचाच झाला. मग १९३८ च्या ऑक्टोबरात तो ट्रॅक्टर घेऊन अमेरिकेला गेला आणि हेन्री फोर्डच्या घरच्या शेतावर त्यानं तो चालवून दाखवला. फोर्डही शेतकऱ्याचाच मुलगा. त्याला ते पटलं. दोघांनी ठरवलं की फोर्ड ट्रॅक्टर बनवील आणि फर्ग्युसन विकील. कागद झाला नाही, वकील बोलावले नाहीत. दोघांनी हात मिळवले आणि करार झाला. १९३९ मध्ये ट्रॅक्टर निघाला, आणि पुढच्या काही वर्षांत तीन लाखांच्या वर विकला गेला.

कागदाशिवायचा व्यवहार माणसं असेपर्यंत टिकतो. सोसायटीच्या कारभारात आपण सगळ्यांनीच हे कधी ना कधी पाहिलंय. १९४७ मध्ये म्हातारा फोर्ड वारला, नातवाच्या हाती कारभार आला होता, आणि त्यानं व्यवहार मोडला. फोर्ड कंपनीचा नवा ट्रॅक्टर आला, त्यात फर्ग्युसनची कल्पना होती पण फर्ग्युसन नव्हता. त्यानं २५ कोटी डॉलरहून जास्त रकमेचा दावा लावला. वर्षानुवर्षं कज्जा चालला. शेवटी १९५२ मध्ये साडेब्याण्णव लाख डॉलरवर तडजोड झाली. मागितलं त्याच्या तुलनेत ते थोडंच, पण एका माणसानं फोर्डकडून पेटंटाचे पैसे वसूल केले, हे काही लहान नव्हतं.

दरम्यान त्यानं इंग्लंडमध्ये कॉव्हेंट्रीला स्टँडर्ड मोटर कंपनीच्या कारखान्यातून १९४६ पासून स्वतःचा छोटा करडा ट्रॅक्टर काढायला सुरुवात केली. दहा वर्षांत तसे पाच लाखांवर निघाले. या ट्रॅक्टरसोबत एक पाना मिळायचा. त्याच पान्यानं बहुतेक नट उघडायचे आणि त्याच्यावरच्या खुणांनी मोजमापही घ्यायचं. फर्ग्युसनचा स्वभाव असाच. कपड्याला डाग चालायचा नाही, हत्यार जागेवर नसेल तर चालायचं नाही. त्याच्याबरोबर काम करणं सोपं नव्हतं असं सगळेच सांगतात. एडमंड हिलरी १९५८ च्या जानेवारीत दक्षिण ध्रुवावर पोचले, ते याच करड्या ट्रॅक्टरांना पट्टे लावून.

१९५३ मध्ये त्यानं आपला धंदा कॅनडाच्या मॅसी-हॅरिस कंपनीत मिसळला. किमतीवरून दहा लाख डॉलरचा फरक राहिला, तेव्हा त्यानं नाणं उडवून निकाल लावायला सांगितलं. नाणं उडवलं आणि तो हरला. हसून पैसे सोडले म्हणतात. पण नव्या मालकांशी त्याचं जमलं नाही, आणि वर्षभरातच तो बाहेर पडला. कंपनीच्या नावात मात्र तो राहिला. पुढे १९६० मध्ये मद्रासला टॅफे कंपनी सुरू झाली आणि मॅसी फर्ग्युसन आपल्या देशात बनायला लागला. तात्यांचा ट्रॅक्टर त्याच वंशातला.

दुसरा प्रश्न : चारही चाकं

साठीच्या पुढे गेलेला, पैसेवाला माणूस. थांबायला हरकत नव्हती. पण फर्ग्युसनच्या मनात दुसरी गोष्ट घर करून होती. ट्रॅक्टरखाली माणसं मरायची थांबवली, आता रस्त्यावर मोटारीत मरतात त्यांचं काय? ओल्या रस्त्यावर, बर्फावर गाडी घसरते, कारण इंजिनाचा सगळा जोर दोनच चाकांवर येतो. तो चारही चाकांत वाटला तर प्रत्येक चाकावर निम्मा पडेल, आणि चाक पकड सोडणार नाही. १९५० मध्ये त्यानं यासाठी वेगळी संशोधन कंपनी काढली. सोबतीला टोनी रोल्ट आणि फ्रेडी डिक्सन हे दोन शर्यतपटू. रोल्ट म्हणजे दुसऱ्या महायुद्धात जर्मनांच्या कोल्डिट्झ किल्ल्यात कैदी असताना माळ्यावर चोरून ग्लायडर बांधणाऱ्यांपैकी एक. अशी माणसं फर्ग्युसनला आवडायची.

चारही चाकं चालवणं नवीन नव्हतं. लढाईतली जीप तेच करत होती, आणि महिंद्रांनी मुंबईत जीपची जुळणी सुरूही केली होती. पण जीपचा क्लच दाताचा. आतला लिव्हर ओढला की दात दातात अडकतात आणि पुढचा आस मागच्या आसाशी पक्का जोडला जातो. जोडला तर पूर्ण, सोडला तर अजिबात नाही. चिखलात हे उत्तम. डांबरावर मात्र पंचाईत. वळताना पुढची चाकं मागच्या चाकांपेक्षा मोठा फेरा घेतात, म्हणजे त्यांना जास्त फिरायला लागतं. दोन्ही आस पक्के बांधले असतील तर चाकं घासतात, स्टिअरिंग जड होतं, आणि आतले भाग पिळले जातात. म्हणून जीपवाले सडकेला लागले की पुढचा गिअर काढतात.

मग मध्ये डिफरन्शियल घातला तर? तो दोन्हीकडच्या वेगातला फरक चालू देतो. पण त्याची एक खोड आहे, आणि त्या रात्री माझी गाडी त्याच खोडीपायी अडली होती. साधा डिफरन्शियल दोन्ही बाजूंना सारखाच जोर देतो. एक चाक चिखलात आहे, त्याला फिरायला काहीच जोर लागत नाही. मग दुसऱ्यालाही तेवढाच, म्हणजे जवळजवळ शून्य, मिळतो. सगळा वेग घसरणारं चाक खातं आणि पकड असलेलं चाक गप्प उभं राहतं.

म्हणजे हवं काय? वळताना थोडा फरक चालू द्यावा, पण एखादी बाजू भलतीच पळायला लागली की तिला धरावं. फर्ग्युसनच्या लोकांनी मधल्या डिफरन्शियलच्या जोडीला एकाच दिशेनं मोकळे फिरणारे दोन क्लच बसवले. ठरावीक मर्यादेपर्यंत पुढचा आणि मागचा आस वेगवेगळे फिरू शकतात. एक पुढे पळाला की एक क्लच पकडतो, दुसरा पळाला की दुसरा. चालकानं काही करायचं नाही, लिव्हर नाही, विचार नाही. ही सारी रचना फर्ग्युसन फॉर्म्युला म्हणून ओळखली गेली.

त्यानं नमुन्याच्या गाड्या केल्या आणि मोटार कंपन्यांना दाखवल्या. कुणी घेतल्या नाहीत. महाग पडेल, गरज काय, असं सगळीकडून आलं. आयुष्यभर जी गोष्ट त्याला जमत आली होती, म्हणजे करून दाखवायचं आणि पटवायचं, ती इथं जमेना. मग ठरलं की शर्यतीची गाडी करायची. जग शर्यत बघतं. गाडीचं काम सुरू झालं, आणि ती पुरी व्हायच्या आधीच, २५ ऑक्टोबर १९६० रोजी, फर्ग्युसन घरी गेला. झोपेच्या औषधाची मात्रा जास्त झाली होती. चुकून की जाणून, याचा निकाल चौकशीत लागला नाही. शहात्तरावा वाढदिवस दहा दिवसांवर होता.

पुढच्या वर्षी, २३ सप्टेंबर १९६१ ला, इंग्लंडमध्ये औल्टन पार्कच्या शर्यतीत स्टर्लिंग मॉसनं ती गाडी चालवली. ट्रॅक ओला होता. बाकीचे घसरत होते, मॉस जिंकला. फॉर्म्युला वनच्या नियमांच्या गाडीत चारही चाकांवर चालणारी जिंकलेली अशी ती आजवरची एकमेव. १९६६ मध्ये जेन्सन कंपनीनं हीच रचना रस्त्यावरच्या गाडीत आणली, त्यात ब्रेक लॉक होऊ न देणारी यंत्रणाही होती. गाड्या निघाल्या तीनशेच्या थोड्या वर. पण दार उघडलं.

काकवी आणि तळहात

रोल्ट आणि त्याच्या सहकाऱ्यांनी काम सोडलं नाही. त्यांनी पुढे व्हिस्कस कपलिंग आणलं. एक बंद डबा, त्यात पातळ लोखंडी चकत्यांची चवड. एक चकती एका आसाची, दुसरी दुसऱ्या आसाची, अशा आलटूनपालटून. एकमेकींना टेकत नाहीत. मध्ये सिलिकॉनचं घट्ट द्रव. दोन ताटांच्या मध्ये काकवी आहे असं समजा. एक ताट हळू सरकवलं तर दुसऱ्याला कळतही नाही. जोरात फिरवलं की दुसरंही ओढलं जातं. वळणावर वेगातला फरक थोडा, म्हणून क्लच मोकळा. चाक घसरलं की फरक मोठा, म्हणून ओढ मोठी. फार वेळ घसरत राहिलं तर द्रव तापून फुगतं, दाब वाढतो, आणि मग चकत्या एकमेकींना जवळजवळ पक्क्या धरतात. १९८० च्या अमेरिकन ईगल गाडीत हे होतं, आणि नंतर पुष्कळ गाड्यांत आलं.

आजच्या गाड्यांत बहुधा तेलात बुडालेला, अनेक प्लेटांचा क्लच असतो आणि त्याला कॉम्प्युटर दाबतो. आपल्या शेजारी चाकणला झालेल्या एक्सयूव्ही ५०० च्या वरच्या मॉडेलमध्ये चारही चाकांची सोय होती, आणि संभाजीनगरला जुळणी होणाऱ्या स्कोडा कोडियाकमध्ये असा तेलातला क्लच आहे. हे समजायला दोन तळहात एकमेकांवर ठेवा आणि वरचा फिरवा. हलके ठेवले तर वरचा नुसता घसरेल. घट्ट दाबले की खालचाही फिरेल. घसरत असलेला क्लच किती टॉर्क पुढे देईल, हे चार गोष्टींवर ठरतं: प्लेटा किती जोरानं दाबल्या, त्यांचं घर्षण किती, त्या केवढ्या रुंद आहेत, आणि घासणाऱ्या बाजू किती आहेत. शेवटची गोष्ट म्हणूनच प्लेटांची चवड. जागा थोडी, पण घासणाऱ्या बाजू पुष्कळ. आणि टॉर्क नेहमी जास्त वेगानं फिरणाऱ्या बाजूकडून कमी वेगानं फिरणाऱ्या बाजूकडे जातो. उलटा जात नाही.

क्लच पूर्ण दाबून धरला, म्हणजे घसरणं थांबलं, की मग पुढे-मागे वाटणी क्लच ठरवत नाही, रस्ता ठरवतो. ज्या चाकांना पकड जास्त ती जास्त जोर घेतात. म्हणून जाहिरातीतली पन्नास-पन्नास टक्क्यांची वाटणी कायमची समजू नये. पुढची चाकं तेलकट फरशीवर असतील, तर जवळजवळ सगळा जोर मागेही जाऊ शकतो.

त्या रात्री माझ्या गाडीला असा क्लच असता तर आजींना तात्यांची वाट पाहावी लागली नसती, असं मला पुष्कळ दिवस वाटत राहिलं. निवृत्त झाल्यावर मी तशी गाडी घेतलीही. आणि पहिली चूक मीच केली. पुढचे दोन टायर झिजले, मी फक्त तेच बदलले. नवीन टायर जुन्यापेक्षा किंचित मोठा. म्हणजे पुढचा आणि मागचा आस सरळ रस्त्यावरही सतत वेगवेगळ्या वेगानं फिरणार, आणि मधला क्लच बिचारा दिवसभर घासणार. काही महिन्यांत तो तापून गेला. आयुष्यभर इतरांना क्लच शिकवणाऱ्या माणसानं असं करावं! बायको अजून चिडवते.

म्हणून, सोसायटीत आता अशा गाड्या बऱ्याच आहेत, तर एवढं लक्षात ठेवा. टायर चारही एकदम, एकाच मापाचे बदला. क्लचचं तेल पुस्तकात सांगितलेल्या वेळी बदला. गाडी बंद पडली तर पुढची दोन चाकं उचलून ओढून नेऊ देऊ नका, चारही चाकं वर घेणारी गाडी मागवा. नाहीतर मागची चाकं फिरतात, पुढची थांबलेली, आणि मधला क्लच जळतो. टोचन करायला आलेल्या मुलाला हे माहीत असेलच असं नाही, तुम्ही सांगा. आणि सर्वांत महत्त्वाचं, चार चाकांनी गाडी लवकर निघते, लवकर थांबत नाही. ब्रेक तर सगळ्याच गाड्यांचे चारही चाकांना असतात. ताम्हिणीच्या घाटात पावसात उतरताना तुमच्या गाडीला किती चाकांचा जोर आहे, हे वळणाला माहीत नसतं.

फर्ग्युसननं हे काम सुरू केलं ते गाडी जोरात पळावी म्हणून नाही, आतला माणूस घरी पोचावा म्हणून. त्याला स्वतःला त्यातलं फळ बघायला मिळालं नाही. आपला रस्ता आता डांबरी झाला, खाचरांच्या जागी इमारती आल्या. तात्याही आता नाहीत. त्यांचा तो लाल ट्रॅक्टर त्यांच्या मुलानं विकला नाही, गोठ्याशेजारी पत्र्याच्या शेडखाली उभा आहे. रंग उडालाय, पण बॉनेटवरचं नाव वाचता येतं. कधी त्या बाजूनं फिरायला गेलात तर मुलांना दाखवा. मागचे तीन दांडे दाखवा, आणि खालचा तो हूकही.